निद्रेतील श्वासरोध आणि नेत्रपृष्ठाचे आरोग्य

सकाळी उठल्याबरोबर डोळ्यांत कुसळ गेल्यासारखे खुपते, पापण्या चिकटलेल्या असतात, डोळे चरचरतात आणि तास-दोन तासांनी हळूहळू बरे वाटू लागते, अशी तक्रार घेऊन जो मनुष्य नेत्रवैद्याकडे जातो, त्याला आपल्या घशाविषयीही काही सांगावयाचे आहे अशी शंका सहसा येत नाही. घोरणे ही त्याच्या मते त्याची तक्रार नसतेच. ती घरच्यांची तक्रार असते. तथापि डोळ्याचा पृष्ठभाग आणि झोपेत अडणारा श्वास यांचा संबंध गेल्या चाळीस-पंचेचाळीस वर्षांत बराच स्पष्ट झालेला आहे. तो कोठवर सिद्ध आहे आणि कोठे अद्याप अनुमानाच्या पातळीवर आहे, हे सांगण्याचा या लेखात प्रयत्न केला आहे.

भाषाशास्त्राच्या अध्यापकाने या विषयाला हात का घालावा, असा प्रश्न वाचकांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. श्वास ज्या ठिकाणी अडतो ते ठिकाण ध्वनिविचाराच्या विद्यार्थ्याला उत्तम परिचयाचे असते, हे एक कारण. दुसरे असे की, हा विकार ओळखण्यास जो विलंब लागतो त्यात आपल्या शब्दांचा काही वाटा आहे. तिसरे कारण वैयक्तिक असून ते यथास्थळी येईल.

वर्णोच्चार शिकविताना आपण फळ्यावर मृदुतालू, पडजीभ, जिव्हामूळ, ग्रसनी आणि स्वरयंत्र यांची आकृती काढतो. नाकपोकळीला हाडाचा आधार आहे, श्वासनलिकेला कूर्चेची कडी आहेत. परंतु या दोहोंच्या मधला ग्रसनीचा भाग बव्हंशी स्नायूंवरच उभा आहे. जागेपणी हे स्नायू ताणलेले असतात. विशेषतः हनुवटीच्या हाडापासून निघून जिभेत पंख्यासारखा पसरणारा स्नायू जिव्हामूळ पुढे ओढून धरतो. झोपेत हा ताण कमी होतो. आत ओढल्या जाणाऱ्या हवेमुळे नळीतील दाब घटतो आणि सैल भिंती एकमेकींकडे खेचल्या जातात. वाट अरुंद झाली की मृदुतालू आणि पडजीभ थरथरू लागतात, हेच घोरणे. वाट पूर्ण मिटली की आवाजही थांबतो. छाती व पोट श्वासासाठी धडपडत असतात, पण हवा आत जात नाही. रक्तातील प्राणवायू उतरू लागतो, मेंदू क्षणभर जागा होतो, स्नायू ताठ होतात आणि मोठ्या घुरकाऱ्यासरशी श्वास सुटतो. झोपलेल्याला यातील काहीही सकाळी आठवत नाही.

अशी प्रत्येक खंडता निदान दहा सेकंदांची असली तरच ती मोजतात. श्वास पूर्ण थांबण्याच्या व लक्षणीय क्षीण होण्याच्या प्रसंगांची तासामागील सरासरी काढतात. ती ५ ते १५ असल्यास विकार सौम्य, १५ ते ३० असल्यास मध्यम आणि ३० च्या वर असल्यास तीव्र मानला जातो. मुंबईतील ३५ ते ६५ वयाच्या मध्यमवर्गीय पुरुषांची जी पाहणी २००४ साली प्रसिद्ध झाली, तीत १९.५ टक्के पुरुषांच्या झोपेत श्वासाचा असा बिघाड आढळला, आणि दिवसा येणाऱ्या गुंगीसह पूर्ण विकार ७.५ टक्क्यांत आढळला. हा आजार पाश्चात्त्यांचा किंवा केवळ अतिस्थूलांचा, असे म्हणावयास त्यामुळे जागा उरत नाही.

भाषेच्या अभ्यासकाला कुतूहल वाटेल असे एक मत येथे नोंदवितो. मनुष्याचे स्वरयंत्र इतर सस्तन प्राण्यांच्या मानाने गळ्यात बरेच खाली आहे. त्यामुळे जिव्हामूळ ग्रसनीत उतरले, तोंड आणि ग्रसनी अशा काटकोनातील दोन पोकळ्या तयार झाल्या, आणि अ, इ, उ या स्वरांत जो स्वच्छ भेद आपण करतो तो सुलभ झाला. याच रचनेमुळे गळ्यातील नळीचा निराधार भाग लांबला व ती झोपेत मिटण्याचा धोकाही वाढला, असे काही संशोधक मानतात. हा पक्ष सर्वमान्य नाही. परंतु वाणीची किंमत आपण रात्री चुकती करतो ही कल्पना मात्र विसरता येत नाही.

वैद्यकाच्या ध्यानात हा विकार येण्यास फार वेळ लागला. डिकन्सच्या १८३६-३७ मधील ‘पिकविक पेपर्स’ या कादंबरीत सदैव पेंगणारा, स्थूल असा ज्यो नावाचा पोऱ्या आहे. अमेरिकन वैद्यांनी १९५६ साली अतिस्थूलता आणि गुंगी यांच्या जोडीला ‘पिकविकी’ हे नाव दिले ते त्याच्यावरून. दिवसाच्या गुंगीचे मूळ रात्री गळ्यात आहे हे १९६५ साली फ्रान्समध्ये गॅस्टो आणि त्यांचे सहकारी व जर्मनीत युंग आणि कूलो यांनी झोपेतील श्वासाच्या नोंदी घेतल्या तेव्हा उमगले. म्हणजे कादंबरीकाराने लक्षणे टिपली आणि शास्त्राला कारण सापडले, या दोहोंत सव्वाशे वर्षे गेली.

या विलंबाचे एक कारण भाषेत पाहता येते. ‘खुशाल घोरत पडला आहे’ असे आपण निश्चिंत माणसाविषयी म्हणतो. ‘ढाराढूर झोपणे’ आणि ‘घोरणे’ या क्रिया आपल्या बोलण्यात जवळजवळ पर्यायी आहेत. घोरणे हे गाढ झोपेचे लक्षण, हा सिद्धान्त आपण कधी तपासला नाही. तो वाक्प्रचारांतून आयता मिळाला. वस्तुतः जो जोराने घोरतो आणि मधूनमधून गप्प होतो, त्याची झोप रात्रभर तुटत असते. दुसरी अडचण व्याकरणातील म्हणावी लागेल. ‘मी घोरतो’ हे वाक्य बोलणाऱ्याला त्याच्या सत्यतेचा प्रत्यक्ष अनुभव कधीच नसतो. प्रथमपुरुषी असूनही ते ऐकीव आहे. डोळ्यांच्या तक्रारीचे उलट आहे. ‘माझे डोळे खुपतात’ यास साक्षीदाराची गरज नाही. म्हणून रात्रीचा हा विकार पुष्कळदा प्रथम बोलतो तो डोळ्यांच्या तोंडून.

आता डोळ्याकडे वळू. स्वच्छमंडल, म्हणजे बुबुळावरील पारदर्शक पडदा, पापण्यांच्या आतील व डोळ्याच्या पांढऱ्या भागावरील नाजूक आवरण, पापण्यांच्या कडा आणि या सर्वांना ओले ठेवणारे अश्रुपटल, यांना मिळून नेत्रपृष्ठ म्हणतात. अश्रुपटलाची जाडी सुमारे ३ मायक्रॉन. १९४६ च्या सुमारास युजीन वुल्फ यांनी त्याचे तीन थर कल्पिले होते: वर तेल, मध्ये पाणी, खाली श्लेष्म. आता पाणी व श्लेष्म यांचा एकच विरळ जेलीसारखा थर मानून त्यावर तेलाची साय पसरलेली आहे असे समजतात. हे तेल पापणीच्या कडेवरील ज्या ग्रंथींतून येते त्यांना १६६६ साली त्यांचे वर्णन करणाऱ्या मायबोम यांचे नाव आहे. तेल कमी पडले की पाणी लवकर उडते, उरलेले अश्रू खारट होतात आणि पृष्ठभागाला दाह होतो. हा दाह केवळ परिणाम नसून रोगाचा घटकच आहे, असे २०१७ सालच्या आंतरराष्ट्रीय व्याख्येत मानले आहे. सुश्रुताच्या उत्तरतंत्रात ‘शुष्काक्षिपाक’ नावाचा नेत्ररोग येतो. पापण्या कठीण व रुक्ष, दृष्टी गढूळ, डोळा उघडताना कष्ट, असे त्याचे वर्णन आहे. प्राचीन रोगनामे आजच्या रोगांवर चिकटविण्याची हौस मला नाही. परंतु शोष आणि पाक हे दोन्ही अर्थ एका समासात बांधणाऱ्याचे निरीक्षण सूक्ष्म असले पाहिजे, एवढे म्हणणे भाग आहे.

रात्र ही नेत्रपृष्ठाच्या दृष्टीने मुळातच ओढगस्तीची वेळ असते. स्वच्छमंडलात रक्तवाहिन्या नाहीत. ते आपला प्राणवायू मुख्यतः समोरच्या हवेतून घेते. उघड्या डोळ्यावर या वायूचा दाब पाऱ्याच्या सुमारे १५५ मिलिमीटरइतका असतो. पापणी मिटली की तो सुमारे ५५ वर येतो, आणि तोही पापणीच्या आतील बाजूच्या सूक्ष्म रक्तवाहिन्यांकडून उसना घेतलेला. त्यामुळे निरोगी माणसाचेही स्वच्छमंडल रात्रीत तीन-चार टक्क्यांनी सुजते आणि डोळे उघडल्यावर काही वेळात पूर्ववत होते. अश्रूंची निर्मितीही झोपेत मंदावते, आणि मिटलेल्या डोळ्यात पांढऱ्या रक्तपेशी जमून सौम्य दाहासारखी स्थिती निर्माण होते. ज्याच्या रक्तातील प्राणवायूच रात्रभर चढ-उतार करीत असेल, त्याच्या पापणीने डोळ्याला उसने काय द्यावे? हा तर्क मला सयुक्तिक वाटतो; पण तो तर्क आहे, हे विसरू नये.

तर्काची गरज नाही असा पुरावा पापणीत सापडतो. १९८१ साली अमेरिकेतील कल्बर्टसन आणि ऑस्लर यांनी अकरा स्थूल पुरुषांचे वर्णन प्रसिद्ध केले. त्यांची वरची पापणी रबरासारखी सैल झाली होती. भुवईकडे किंचित ओढताच ती आपोआप उलटी होई, आणि तिच्या आतील आवरणावर दाहामुळे बारीक पुटकुळ्या दिसत. झोपेत उशीला घासून पापणी उलटते, उघडे पडलेले आवरण वाळते व खरवडले जाते, असे त्यांनी अनुमान केले. या अवस्थेला इंग्रजीत ‘फ्लॉपी आयलिड’ म्हणतात. आपण शिथिल पापणी म्हणू. पुढे नव्वदीच्या दशकात अशा रुग्णांची झोप तपासली गेली तेव्हा त्यांतील बहुसंख्यांना श्वासरोध असल्याचे दिसून आले. उलट बाजूने पाहिले तर श्वासरोधाच्या सर्व रुग्णांची पापणी सैल नसते, अल्पसंख्यांचीच असते. म्हणून सैल पापणी दिसली तर श्वासाची चौकशी करणे अगत्याचे, पण पापणी ताठ आहे म्हणून श्वास ठीक आहे असा निष्कर्ष काढणे चुकीचे.

पापणी सैल का होते? पापणीला आकार देणारी जी तंतुमय पट्टी आहे तिच्यातील इलॅस्टिन नावाचे लवचिक तंतू अशा रुग्णांत घटलेले असतात, हे १९९४ साली सूक्ष्मदर्शकाखाली दाखविण्यात आले. ज्या कुशीवर मनुष्य झोपतो त्या बाजूचा डोळा बहुधा अधिक बिघडलेला असतो, ही गोष्टही वारंवार नोंदली गेली आहे. उशीच्या दाबाने पापणीचा रक्तपुरवठा अडतो, त्यातच रक्तात प्राणवायू कमी. मग कूस बदलली किंवा श्वास सुटला की रक्त एकदम परत येते आणि त्या लोंढ्यात ऊतींना घातक असे रासायनिक कण निर्माण होतात. असे तासाला वीस-तीस वेळा, वर्षानुवर्षे. इलॅस्टिन तोडणारी विकरेही या पापण्यांत वाढलेली आढळली आहेत. दाब, प्राणवायूची ओढाताण आणि विकरे या तिन्हींपैकी मूळ कोणते, यावर एकमत झालेले नाही.

काहींची पापणी उलटत नाही, पण झोपेत पुरती मिटतही नाही. या अवस्थेच्या इंग्रजी नावात ग्रीक ‘लागोस’ म्हणजे ससा दडलेला आहे, कारण ससा उघड्या डोळ्यांनी झोपतो अशी जुनी समजूत. सुश्रुताने ‘वातहतवर्त्म’ म्हणून जी सांधा सुटल्यासारखी, निश्चेष्ट, न मिटणारी पापणी सांगितली आहे, तिची येथे आठवण होते. सैल पापणी डोळ्याला नीट चिकटून बसत नाही, अश्रुपटल सारखे पसरवीत नाही आणि तेलग्रंथी दाबून रिकाम्या करण्याचे कामही धडपणे करीत नाही. एका दोषातून असे अनेक दोष निघतात.

येथवरची जमीन घट्ट आहे. यापुढे, म्हणजे सैल पापणी नसतानाही श्वासरोधाने डोळे कोरडे पडतात काय या प्रश्नात, पाय जपून टाकावा लागतो. श्वासरोधाच्या रुग्णांत अश्रुपटल लवकर फुटते, कागदाच्या पट्टीने मोजलेले अश्रू कमी भरतात आणि तेलग्रंथींची झीज अधिक दिसते, असे अनेक अभ्यासांत आढळले आहे. परंतु वय, स्थूलता, मधुमेह ही कारणे दोन्ही विकारांना समान आहेत, आणि पुष्कळ अभ्यासांतील रुग्णांची संख्या लहान आहे. शिवाय कार्यकारणाचा प्रवाह उलटही वाहू शकतो: डोळे खुपणाऱ्याला झोप नीट लागत नाही. दुसरीकडे २०१४ साली कोरियातील संशोधकांनी निरोगी पुरुषांना एक रात्र जागविले, तेव्हा अश्रूंचे प्रमाण घटले, त्यांचा खारटपणा वाढला आणि अश्रुपटल अधिक लवकर फुटू लागले. म्हणजे श्वास न अडताही, केवळ झोप हरवल्याने डोळा कोरडा होतो. श्वासरोधात झोप तर हरवतेच. माझ्या मते कोरडेपणाचा निदान काही भाग या वाटेने येत असावा. काचबिंदू आणि डोळ्याच्या मज्जातंतूचा रक्तपुरवठा तुटणे यांच्याशीही श्वासरोधाचा संबंध सांगितला जातो, पण तो या लेखाचा विषय नाही.

वर उल्लेखिलेले वैयक्तिक कारण असे. प्रस्तुत लेखकाचा उजवा डोळा तीन वर्षे दररोज सकाळी लाल होत असे. एका चिकित्सालयात ॲलर्जीचे निदान होऊन थेंब मिळाले, ते संपले की दुसरे मिळाले. पुढे एका वयस्क नेत्रवैद्यांनी अंगठ्याने वरची पापणी सहज वर सारली आणि ती उलटून तशीच राहिली. त्यांनी मला काहीच न विचारता सोबत आलेल्या माझ्या पत्नीला विचारले, “हे रात्री घोरतात का हो?” ती म्हणाली, “घोरतात ना! झोप अगदी गाढ आहे त्यांची. मधेच गप्प होतात, तेव्हा उलट मलाच जाग येते.” मी उजव्या कुशीवर झोपतो, हेही तिलाच ठाऊक होते. निद्रापरीक्षेत तासाला ३४ हा आकडा आला. तीन वर्षांत मी वैद्यांना ‘कुसळ’, ‘चरचर’, ‘चिपडे’ हे सर्व शब्द सांगून चुकलो होतो. जो शब्द सांगावयास हवा होता तो माझ्यापाशी नव्हता.

उपचाराची कथा थोडक्यात सांगता येईल. सिडनीचे कॉलिन सलिव्हन यांनी नाकावरील मुखवट्यातून अखंड दाबाने हवा सोडून पाच रुग्णांचा गळा रात्रभर उघडा ठेवल्याचे १९८१ मध्येच प्रसिद्ध केले. शिथिल पापणी आणि तिच्यामागील विकारावरचा उपाय, दोन्ही एकाच वर्षी, परस्परांची दखल न घेता, वाङ्मयात आली. या सीपॅप यंत्राच्या नियमित वापराने सैल पापणीत सुधारणा झाल्याची उदाहरणे नोंदलेली आहेत. गंमत अशी की हेच यंत्र डोळे कोरडेही करते. मुखवटा नाकाच्या मुळाशी नीट बसला नाही तर हवेची झुळूक रात्रभर पापण्यांवर वाहते. आणि मुखवटा चोख बसला तरी काहींत दाबाची हवा अश्रुनलिकेतून उलट वर चढून डोळ्याच्या कोपऱ्यात येते. पहिल्या कारणासाठी मुखवट्याचे माप बदलावे, दुसऱ्यासाठी वैद्यांना सांगून दाब तपासून घ्यावा. डोळ्यात जळजळ झाली म्हणून यंत्रच कपाटात ठेवून देणे हा मात्र सर्वांत वाईट मार्ग. यांखेरीज रात्री डोळ्यात घट्ट मलम घालणे, पापणीवर कवच लावणे, कूस बदलणे, वजन उतरविणे हे उपाय आहेतच. शस्त्रक्रियेने पापणी आखूड करून घट्ट करता येते, परंतु रात्रीचे कारण तसेच राहिले तर ती पुन्हा सैल पडण्याचा संभव असतो.

परिभाषेविषयी दोन शब्द लिहावयाचे राहिले. ‘ॲप्निया’ या ग्रीकोद्भव शब्दातील आद्य ‘अ’ हा आपल्या नञर्थक ‘अ’चाच सख्खा भाऊ आहे, तेव्हा ‘अश्वसन’ असा प्रतिशब्द कोणी सुचवील. मला तो पटत नाही. श्वसनाचा प्रयत्न चालूच असतो, वाट अडलेली असते. म्हणून ‘निद्राश्वासरोध’. मात्र हा शब्द ग्रंथात शोभला तरी दवाखान्यात उपयोगाचा नाही. तेथे “झोपेत श्वास अडकतो का, मधेच गप्प होता का, असे घरचे काही म्हणतात का?” असेच विचारावे लागेल, आणि ते घरच्यांसमोर विचारावे लागेल. विभागातील विद्यार्थ्यांपैकी कोणी बोलींच्या पाहणीसाठी गावोगाव जाणार असल्यास त्याने आपल्या प्रश्नावलीत आणखी दोन प्रश्न घालावे: सकाळी डोळे खुपण्याला येथे काय म्हणतात, आणि घोरता घोरता गप्प होण्याला निराळा शब्द आहे काय. प्रमाण मराठीत या दुसऱ्या क्रियेला शब्द मला अद्याप आढळलेला नाही.